अबू कुतैबाची बाल्कनीतली रेसगाडी

तेहेतीस वर्षं फव्वाजने खाणीतलं फॉस्फेट अकाबाच्या बंदरात नेऊन ओतलं, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या ट्रकला ओरखडा आला तो एकदाच, तोही ट्रक उभा असताना. जॉर्डनमधल्या त्याच्या रुसैफा गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. थोरल्या मुलाच्या नावावरून त्याला सगळे अबू कुतैबा म्हणायचे. एकसष्टाव्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचबिंदू असल्याचं सांगितलं. समोरचं लख्ख दिसत होतं, पण दोन्ही बाजूंनी कुणी पडदे ओढत आणावेत तशी नजर अरुंद झाली होती. बाईंनी थेंब दिले, आहे तेवढं टिकेल असा धीर दिला, आणि रस्त्यावर गाडी चालवायची नाही हे तीनदा बजावलं.

तो घरी बसला आणि त्याची बायको खिताम हिची परीक्षा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातली भांडी नव्याने लावली. जड पातेली मागे, हलकी पुढे.

"वजन मागच्या चाकांवर यायला हवं," तो म्हणाला.

"हे कपाट आहे. अकाबाला निघालेलं नाही."

दुसऱ्या आठवड्यात तिने भात कधी उतरवावा हे तो सांगू लागला. तिसऱ्या आठवड्यात खितामने त्याच्या हातात पिशवी दिली आणि ती म्हणाली, "अबू कुतैबा, बाहेर जा. कुठे जायचं ते विचारू नका. जेवायला या."

तो चालत चालत गल्लीच्या टोकाला गेला. तिथला संगणकावर खेळ खेळायचा अड्डा बंद पडत होता. मालक सामान विकायला काढून बसला होता, आणि फव्वाजचा जुना दोस्त अबू रबीअ, ज्याचा भंगाराचा धंदा होता, तिथे भाव करत उभा होता. कोपऱ्यात एका टेबलाला स्टिअरिंग लावलेलं होतं, खाली तीन पेडलं, बाजूला गिअरचा दांडा. समोरच्या पडद्यावर डोंगरातला एक ओला रस्ता.

"बस की," अबू रबीअ म्हणाला. "याला लायसन लागत नाही."

फव्वाज तिथल्या चाकं लावलेल्या खुर्चीवर बसला. स्टिअरिंग हातात घेतलं तर ते जिवंत निघालं. रस्ता खडबडीत झाला की थरथरायचं, वळणावर जड व्हायचं. पहिलं वळण आलं, त्याने सवयीने ब्रेकवर पाय रोवला, आणि ब्रेक लागण्याऐवजी खुर्चीच सुसाट मागे गेली ती थेट भिंतीला जाऊन आदळली. पडद्यावरची गाडी दरीत गेली.

अड्ड्याचा मालक हसून हसून खाली बसला. फव्वाज मात्र हसला नाही. तो उठला, वाकून पेडलं हलवून पाहिली आणि म्हणाला, "गाडी चांगली आहे. तिला बसायला जागाच नाही."

ते सगळं सामान त्याने विकत घेतलं. आता जागा बनवायची होती.

बसायच्या खोलीत काही ठेवायला खितामने साफ नकार दिला, म्हणून काचा लावून बंद केलेली मागची बाल्कनी ठरली. तिथे ती ऑलिव्हच्या बरण्या ठेवायची आणि मुलुखियाच्या भाजीची पानं वाळत घालायची. बरण्या एका बाजूला सरकल्या. गच्चीवर नवी पाण्याची टाकी बसवली तेव्हापासून जुन्या टाकीचा लोखंडी स्टँड तसाच पडून होता. तो त्याने कापून खाली आणला. शेजाऱ्याचं वेल्डिंग मशीन आणलं. वाळवंटात ट्रक बंद पडला की मिस्त्री शंभर किलोमीटरवर असतो, त्यामुळे वेल्डिंग त्याला चहा करण्याइतकं सवयीचं होतं.

सीटसाठी तो अबू रबीअच्या वखारीत गेला. अबू रबीअने एका रेसच्या गाडीतली खोलगट सीट दाखवली. फव्वाज तिच्यात उतरला आणि त्याला वर काढायला दोन माणसं लागली.

"हिच्यात झोपून गाडी चालवायची असते," अबू रबीअ म्हणाला.

"झोपून गाडी चालवणारे मी पाहिलेत. सगळे रस्त्याच्या कडेला पुरलेत. मला ट्रकची सीट दे."

तर अशी ती रेसगाडी तयार झाली. ट्रकची उंच सीट, टाकीच्या स्टँडची चौकट, आणि त्यावर उलट्या ताटाएवढं छोटं स्टिअरिंग. दिसायला ती रेसगाडी कमी आणि न्हाव्याची खुर्ची जास्त वाटायची.

पहिल्याच दिवशी त्याला इतकं गरगरलं की दुपारभर तो लिंबू चोखत पडून राहिला. डोळे म्हणायचे आपण धावतोय, बूड म्हणायचं आपण बसलोय, आणि दोघांच्या भांडणात पोट मरत होतं. तीन दिवस त्याने विचार केला. मग पडदा भिंतीवरून काढून स्टिअरिंगच्या अगदी मागे, हाताच्या अंतरावर आणून बसवला. त्याबरोबर पडद्यावरचा रस्ता खऱ्या रस्त्याएवढा झाला, आणि गरगरणं थांबलं. दुसरीही एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, पण ती त्याने लगेच कुणाला सांगितली नाही. या पडद्याच्या पलीकडे कुणालाच काही दिसत नव्हतं. बाजूचं जे त्याला दिसत नव्हतं, ते इथे मुळातच नव्हतं. या रस्त्यावर त्याचे डोळे इतरांइतकेच धड होते.

मग ब्रेक. पेडलवर पाय ठेवला की ते थेट तळाला जायचं. "हा ब्रेक नाही, लबनेह आहे, मऊ चक्का," तो म्हणाला, आणि अबू रबीअकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधलं जाड रबर आणून त्याने ते पेडलमागे बसवलं. आता ब्रेक दाबायला ताकद लागू लागली, त्या ताकदीने चौकट वाकू लागली, म्हणून चौकटीला आडव्या पट्ट्या आल्या. चौकट घट्ट झाली तशी स्टिअरिंगची थरथर जमिनीत उतरली आणि ऑलिव्हच्या बरण्या किणकिणू लागल्या. खितामने बरण्यांखाली जुन्या घोंगड्या घातल्या आणि गाडी राहू दिली. महिनाभर तिच्या भातात कुणी नाक खुपसलं नव्हतं.

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अम्मान, इर्बिद, झर्का इथले वीस-बावीस जण संगणकावरून एकत्र येऊन शर्यत लावायचे. अबू रबीअच्या पुतण्याने फव्वाजचं नाव त्यात घातलं. पहिल्या शर्यतीत फव्वाज शेवटून दुसरा आला. तो वळणाआधी इंडिकेटर द्यायचा. कुणी मागून घाईत आलं तर बाजू द्यायचा. हेडफोनमधून पोरं विचारायची, "अम्मो, तुम्ही शर्यतीत आहात की हवा खायला निघालात?"

"पोरांनो, मला पोचायचंय," तो म्हणायचा.

पण शर्यत दोन तासांची ठेवली त्या शुक्रवारी गंमत झाली. पाऊणएक तासात पोरं एकमेकांवर आपटू लागली. कुणाचं टायर गेलं, कुणाचा संयम. फव्वाज एकाच लयीत, एकाच रेषेत चालत राहिला, आणि दोन तासांनी पाचवा आला. त्या दिवशी त्याने खितामला तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा तिने त्याच्या तोंडात कनाफ्याच्या मिठाईचा तुकडा कोंबला.

त्यानंतरच्या आठवड्यात सीट पुढे सरकलेली सापडली.

त्याने ती मागे घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. तिसऱ्या दिवशी तो रोटी आणायला म्हणून निघाला आणि जिन्यातूनच परतला. बाल्कनीत खिताम बसली होती. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या, मांडीवर लायसनच्या परीक्षेचं पुस्तक उघडं, आणि पडद्यावर एका रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी आचके देत उभी.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

ती दचकली नाही. "क्लच. हा मेला कधी सोडायचा ते कळत नाही."

"तू? गाडी?"

"मग कोण? खाली आपली गाडी कधीची झाकून ठेवलीय. तिकडे अकाबात कुतैबाला मुलगी झाली, चार महिन्यांची झाली ती. बसने जायचं तर तुम्ही म्हणता बसच्या ड्रायव्हरला गाडी येत नाही. टॅक्सीने जायचं तर म्हणता टॅक्सीवाला चोर. मग मी म्हटलं, या घरात गाडी चालवणारं दुसरं कोणी आहे का? पाहिलं, तर मीच होते."

फव्वाज रोटी न आणताच खाली बसला. छप्पन्न वर्षांच्या बाईने गाडी शिकायची हे त्याला पटायला एक चहा लागला. मग मात्र तो शिकवायलाच बसला, आणि तिथे सगळं बिघडलं. तिचा पाय क्लचवरून हलायच्या आत तो ओरडायचा. तिने आरसा पाहिला तर समोर का पाहिलं नाहीस, समोर पाहिलं तर आरसा का नाही. चौथ्या दिवशी ती सीटवरून उतरली.

"तुम्ही शिकवत नाही, हाकता," ती म्हणाली. "मी उद्यापासून बायकांच्या ड्रायव्हिंग शाळेत जाते. घरी सराव करीन, पण तुम्ही बाल्कनीत यायचं नाही."

त्याला लागलं. ट्रकवर हाताखाली आलेले बरेच जण त्याच्याकडून शिकले होते आणि बहुतेक सगळे नंतर दुसऱ्या ट्रकवर गेले होते. त्याचं कारण आजवर त्याने विचारलं नव्हतं. दोन दिवस तो मशिदीच्या ओट्यावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी ती शाळेत गेलेली असताना त्याने क्लचचं पेडल खोललं. शर्यतीच्या क्लचला दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. खरा क्लच अर्ध्या वाटेत पकडतो, आणि ती पकड तळपायाला कळावी लागते. त्याने एक दुसरी, आखूड स्प्रिंग आत अशी बसवली की पाय नेमक्या त्या जागी आला की अडखळेल. मग आपल्या गाडीत जाऊन बसला, इंजिन बंद ठेवूनच क्लच वीस वेळा दाबून पाहिला, आणि वर येऊन ती जागा दोन बोटं खाली घेतली. झालं तेव्हा त्याने हत्यारं पुसून ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बाल्कनीतून खितामची हाक आली. "अबू कुतैबा, इकडे या जरा."

तो दारात उभा राहिला. पडद्यावरची गाडी चढावर होती. तिने क्लच सोडला, मधल्या अडखळीपाशी पाय थांबवला, मग ॲक्सिलरेटर दिला. गाडी मागे न घसरता वर चढली.

"आता कळलं," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

"आत यायला हरकत नाही. बोलायचं नाही, एवढंच."

पहिल्या परीक्षेत गाडी मागे घेताना तिने खांबाला धडक दिली आणि ती नापास झाली. फव्वाजने घरी आल्यावर एक शब्द काढला नाही, हे त्याला तेहेतीस वर्षांच्या ट्रकपेक्षा जड गेलं. दुसऱ्या वेळी ती पास झाली. त्याने सबंध गल्लीत मिठाई वाटली आणि प्रत्येक दारात सांगितलं की चढावर गाडी जरासुद्धा मागे आली नाही.

नातीला पाहायला अकाबाला ते एका गुरुवारी सकाळी निघाले. खितामने डोक्यावरची ओढणी दोनदा पिनांनी घट्ट केली आणि किल्ली फिरवली. फव्वाज आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावर ड्रायव्हरशेजारी बसला होता. पहिले पन्नास किलोमीटर त्याचा उजवा पाय गाडीच्या तळाशी नसलेला ब्रेक दाबत होता. मग पाय दमला.

वाळवंट लागलं. त्याला समोरचा रस्ता तेवढा दिसत होता, लांबच लांब, सरळ. बाजूला काय आहे ते पाहायला मान वळवावी लागायची, आणि मान वळेपर्यंत ते मागे गेलेलं असायचं.

"उजवीकडे उंट आहेत," खिताम म्हणाली. डोळे रस्त्यावरच होते. "सात. एक पिल्लू आहे, पांढरं."

"कुठे?"

"गेले. आता डावीकडे एक माणूस टरबुजं विकतोय. महाग विकत असेल, कुणी थांबलेलं नाही."

"त्याला मी ओळखतो," फव्वाज म्हणाला. "त्याची टरबुजं कच्ची असतात."

अशी ती सांगत गेली आणि तो त्या त्या जागेचा इतिहास सांगत गेला. इथे टायर फुटलं होतं. इथे धुळीच्या वादळात दोन दिवस अडकलो होतो. इथल्या म्हातारीची मसुराची आमटी. खितामने चाळीस वर्षांच्या संसारात यातलं काहीच ऐकलं नव्हतं; तो घरी यायचा तेव्हा झोपायला यायचा.

मागून एक फॉस्फेटचा ट्रक हॉर्न वाजवत आला. खितामने इंडिकेटर दिला, बाजू दिली, ट्रक जाऊ दिला.

"घाई आहे त्याला," ती म्हणाली.

फव्वाजने काच खाली घेऊन हात बाहेर काढला. ट्रकवाल्याने वरून हात केला आणि पुढे निघून गेला. अकाबा अजून दीडशे किलोमीटर होतं. खितामने त्याला मागच्या पिशवीतून झातरचा मसाला लावलेली रोटी काढायला सांगितली, आणि एक घास तिच्या तोंडात द्यायला, कारण तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.