पास्कूची पांढरी भिंत

२०२५ साल. मला एकोणऐंशी पूर्ण झालेली. पास्कू गेल्याची खबर आली तेव्हा मी भाच्याचं फाटकं जाळं शिवत बसलो होतो, आणि खरं सांगतो, आधी रागच आला. न सांगता जायची सवय त्याला लहानपणापासून.

वसईच्या आमच्या बंदरात त्याचं घर अगदी पाण्याला लागून. मागली भिंत दर्याकडे. ती भिंत आणि चर्चचा मनोरा एका रेषेत दिसले की होडीला खाडीत शिरायची वाट साफ. रेष मोडली की खडक. बापजाद्यांची खूण. बर्फाचा कारखाना बंद पडला, मिठागरांवर इमारती आल्या, पण हा गडी दर वर्षी मृतांच्या दिवसाआधी त्या भिंतीला पांढरा चुना मारायचाच. उरलेला चुना आईबापाच्या कबरींवरच्या क्रुसांना. शिडी धरायला मी, चाळीस वर्षं. माझ्याच डोक्यावर चुना सांडायचा आणि वर मलाच म्हणायचा, नीट धर, चौथी नापास. स्वतः तिसरीतून पळालेला...

पुढे बोटींवर जीपीएस आलं. मी वैतागून म्हटलं, "अरे, तुझ्या भिंतीकडं आता बघतो कोन?"

त्यानं वरूनच विचारलं, "तू बघायचास?"

"नाय."

खोटं बोललो. होडी विकेपर्यंत रोज त्याच भिंतीवर डोळा ठेवून घरी आलो. पण ते त्याला सांगितलं असतं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात त्याचा मुलगा सायमन, पन्नाशीचा बाप्या, रंगाचं कार्ड घेऊन आला. भिंतीला पिस्ता रंग द्यायचा म्हणे. "काका, कोन बघतंय आता?"

माझंच वाक्य माझ्याच तोंडावर. तोंडाला येईल ते बोललो त्याला. तो हलेना. शेवटी म्हटलं, "मी बघायचो. तुझ्या बापाला नाय म्हटलं, ते खोटं होतं."

 सायमननं कार्ड खिशात घातलं आणि संध्याकाळी चुना भिजत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, काका, तुम्ही खालचं करा. मी म्हटलं, खालचं दर्यावरून दिसतं कुठे? मीच चढलो. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. सायमनच्या डोक्यावर दोनदा चुना सांडला. नीट धर, म्हटलं.

उरलेला चुना पास्कूच्याच बादलीत झाकून ठेवला. यंदा क्रूस एक जास्त आहे.