डबी, ऐकून राह्यली का?

दुकानात उंदीर आणि किस्से कधी शिरले ते कळत नाही. एक दिवस माल हलवायला जावं आणि पाहावं तर संसार थाटलेला!

आमचं दुकान नांदुऱ्याला, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. विलास, म्हणजे माझा नवरा, शिडीवर चढून कॅमेरे नि एसी बसवतो. मी खाली उभी राहून ते फोनला जोडते. मग एक बोलकी डबी टेबलावर ठेवायची आणि घरातल्या माणसांना ती समजावून सांगायची. तिचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, पण आमच्याकडे सगळे डबीच म्हणतात. तिला सांगितलं की एसीचं तापमान कमी-जास्त होतं, दारात कोण आलंय ते कॅमेऱ्यावर दिसतं.

लोक आधी शिकायला फोन करतात, मग तक्रारीला, मग नुसताच. हे किस्से त्या नुसत्याच फोनांमधले. नावं तेवढी बदलली आहेत.

*

वच्छलाकाकूंच्या घरी डबी बसवली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला, की मशीन बहिरी निघाली. गेले. काकू डबीसमोर मांडी घालून बसल्या होत्या.

"डबे, एसी कमी कर वं, लय गारठून राह्यलं."

"माफ करा, मला समजलं नाही," डबी म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "इले मराठी येत नाई काय?"

मी सांगितलं की येतं, पण पुस्तकातलं येतं. काकू डबीच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "मंग मलेच शिकव."

शिकवायला वेळ लागला, कारण 'मले'चं 'मला' करताना काकूंना दर वेळी हसू यायचं. पण त्या चिकाटीच्या. महिनाभरात डबीशी अशा बोलायला लागल्या, की स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्याला वाटावं रेडिओ लागलाय.

त्याच सुमारास त्यांच्या नातीला पुण्याचं स्थळ आलं. पाहुणे यायच्या दिवशी मुलानं काकूंना आडून आडून सुचवलं, की आई, तू आतच बस, तुझे पाय दुखतात. पाय कशासाठी दुखायला हवेत ते काकूंना बरोबर कळलं. सून सांगत होती, त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत.

पाहुणे आले, बसले, आणि काकू इस्त्रीचं लुगडं नेसून बैठकीत आल्या.

"या, बसा. आपल्याला उकडत तर नाही ना? तापमान थोडं कमी करू का?"

मुलाच्या हातातला पाण्याचा ट्रे तसाच राहिला. पाहुण्यांतली नवरदेवाची आई खूश झाली. म्हणाली, किती छान मराठी आहे हो तुमचं, आम्हाला वाटलं होतं इकडे जरा वेगळं बोलतात.

काकू म्हणाल्या, "हे मी मशीनसंग बोलतो ते मराठी हाय. मानसांसंग बोलाचं येगळं हाय. थे ऐकाचं असंन त सोयरीक जुळू द्या."

जुळली. लग्नात काकूंनी माणसांसोबतचं मराठी काढलं. पुण्याची मंडळी त्यांच्या भोवतीच खुर्च्या ओढून बसली होती.

*

पिंपळगाव राजाला संतोष आणि वर्षा राहतात. घरामागं कोंबड्यांच्या पिल्लांचं शेड. लहान पिल्लांना ऊब लागते, म्हणून शेडमध्ये तापमान सांभाळणारं यंत्र, दिवे आणि ओल्या जाळीतून गार हवा ओढणारे मोठे पंखे बसवले. घरात एसी बसवला. दोन्ही एकाच डबीला जोडली. फोननं नावं विचारली तेव्हा संतोषनं घरातल्या एसीला 'खोली' लिहिलं नि शेडला 'पिल्लांची खोली'.

होळी होऊन गेली होती. दुपारी जेवून संतोष आडवा झाला आणि म्हणाला, खोली बावीस कर. डबी हो म्हणाली. त्याला गार काही लागलं नाही, पण थकलेला माणूस, झोप लागली.

वर्षा भांडी घासत होती. तिला एक सवय आहे, काम करता करता फोनवर पिल्लं पाहायची. सीरियल पाहावी तशी. तिनं कॅमेरा उघडला तर पिल्लं दिसेचनात. मग कोपऱ्यात एक पिवळा ढीग दिसला.

गारठली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि खालची गुदमरतात. वर्षा तशीच राखेच्या हातांनी धावली. शेडमध्ये दिवे बंद होते, मोठे पंखे सुरू. डबीनं घराऐवजी पिल्लांची खोली बावीस केली होती. तिनं पंखे बंद केले, ढिगात हात घालून पिल्लं मोकळी केली, शेगड्या पेटवल्या. वरची वाचली. तळातली गेली.

मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा संतोष शेडच्या दारात बसला होता. "माह्याच तोंडानं मारली न मी," एवढंच म्हणत होता. विलास त्याच्याजवळ जाऊन बसला. 

मी वर्षाला विचारलं, आता नावं काय द्यायची? एकमेकांसारखी नकोत.

ती म्हणाली, "शेडाले माहेर नाव द्या. अन् आमच्या खोलीले सासर."

मी टाइप करायची थांबले.

"माहेर ऊबदार पाह्यजे, ताई. सासर कितीबी थंड असलं तरी चालते. सवय हाय."

संतोष तोंडाला गमछा लावून बसला होता. गमछ्याच्या आतून हसला. रडता रडता हसला की माणूस कसा दिसतो, तसा दिसला. आता शेतातून फोनवर ओरडत असतो, "माहेर तेहेतीस कर!" बाजूच्या शेतातल्यांना याच्या सासुरवाडीची फार काळजी वाटते.

*

दादाराव आणि वामन हे सख्खे भाऊ. अंगण एक, दारं समोरासमोर, बोलणं बंद. कशावरून, ते दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं.

आधी दादारावांनी कॅमेरा लावला. तो वामनच्या दाराकडे तोंड करून. आठवडा गेला नाही तोच वामननं बोलावलं. म्हणाला, त्याच्यापेक्षा भारी लाव, आणि त्याच्या दाराकडे लाव. दोन्ही कॅमेरे एकमेकांकडे डोळे वटारून बसले. अंगणात कोणी हललं की दोन्ही घरांत डबी बोलायची, "अंगणात कोणीतरी आहे." कोणीतरी म्हणजे भाऊ.

एका सकाळी वामन खामगावला बाजारात होता. फोन वाजला. त्यानं रागानंच पाहिलं, आता काय करून राह्यला हा म्हणून. दादाराव अंगणात पडले होते. हालचाल नव्हती. घरचे सगळे शेतात गेलेले.

वामननं शेजाऱ्याला फोन केला, गाडी सांगितली, डॉक्टरला फोन केला आणि स्वतः बाजार तसाच टाकून निघाला. वाटभर त्यानं फोन डोळ्यांसमोरून हलवला नाही. दादारावांना उचलून नेईपर्यंत पाहत होता.

दादाराव बचावले. एक हात जरा कमजोर राहिला. त्यानंतर महिनाभरानं वामनचा फोन आला, की कॅमेऱ्याचं काम आहे. मला वाटलं, आता काढायला सांगणार. गेले तर म्हणाला, त्याचा पलंग आता खिडकीजवळ टाकलाय, तिकडे फिरव.

मी शिडीवरच्या विलासला सांगत होते तेवढ्यात समोरून दादारावांनी खिडकीतून हाक मारली. "बाई, तिकडचं झालं की इकडे या. माहाबी त्याच्याकडे नीट फिरवून द्या. थोही काई जवान नाई राह्यला."

एकमेकांशी बोलतात का, ते मी विचारलं नाही.

*

लोक विचारतात, तुमच्या घरी डबी आहे का? नाही. विलास म्हणतो, दिवसभर गावाच्या डब्या ऐकतो, घरी बायकोचं ऐकतो, आता तिसरं कोण पाहिजे?

*

वानखडेकाका रेल्वेतून रिटायर झाले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. मुलगा पुण्याला. त्यानं वडिलांसाठी डबी पाठवली आणि मला लावून द्यायला सांगितलं. बैठकीतला दिवा, पंखा आणि एसी तिला जोडला. मुलानं दारात कॅमेराही लावू का विचारलं, तर काकांनी साफ नाही म्हटलं. ड्युटीवर आयुष्यभर साहेब डोक्यावर होते, आता पोरगा नको.

थोड्या दिवसांनी काकांचा फोन आला. डबी परत घेऊन जा म्हणाले. मी विचारलं, काऊन?

"घरात राहते अन् जयभीम घेत नाही."

सकाळी उठल्यावर काका तिला जयभीम करायचे. आणि ती म्हणायची, माफ करा, मला समजलं नाही. रोज. काकांना हे अपमानासारखं लागलं होतं आणि ते मला पटलं.

मी डबीला शिकवलं. 'जय भीम' ऐकलं की तिनं 'जय भीम, काका' म्हणायचं आणि बैठकीतला दिवा लावायचा. काकांनी दोन-तीनदा करून पाहिलं आणि चहा ठेवला.

आता गंमत अशी झाली की काकांकडे येणारा प्रत्येक माणूस दारातून आत येताना जयभीम घालतो. डबी सगळ्यांना उत्तर देते आणि दिवा लावते. भर दुपारी ट्यूबलाइट पेटलेली. विलास म्हणाला, काका, वीज वाया जाते, बदलून देऊ का?

काका म्हणाले, थांब, पोराला विचारतो. मुलाला फोन लावला आणि माझ्याकडे दिला.

मुलगा म्हणाला, "ताई, नका बदलू. मला इथं ऑफिसात फोनवर दिसतं, घरचा दिवा लागला. म्हणजे बाबांकडे कोणीतरी आलंय."

*

मदनशेठ म्हणजे कापसाचे व्यापारी, आणि पुंडलिकराव त्यांचे मुनीम. एका ऑफिसात समोरासमोर बसून दोघं म्हातारे झाले. शेठला गरमी सोसत नाही आणि पुंडलिकरावांना थंडी. वैशाखातही ते मफलर घालून बसायचे.

शेठनं डबी घेतली तेव्हा एक अट घातली. ती फक्त माझाच आवाज ओळखेल असं करा, नाहीतर हा पुंडलिक मला शिजवून काढेल. तशी सोय असते. मी शेठच्या आवाजाची तिला ओळख करून दिली. भारदस्त आवाज होता. मालाच्या गाडीपर्यंत जायचा.

मग तक्रारी सुरू झाल्या. शेठ वजनकाट्याकडे जाऊन येतात आणि पाहतात तर एसी सत्तावीसवर. मी दोनदा येऊन गेले, यंत्र ठणठणीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा शेठ बाहेर होते. मी मागच्या खोलीत वायर पाहत होते. ऑफिसातून शेठचा आवाज आला, "सत्तावीस कर." डबी म्हणाली, "ठीक आहे." मी खिडकीतून बाहेर पाहिलं तर शेठ काट्याजवळ उभे!

पुढच्या खोलीत आले. पुंडलिकराव एकटेच बसले होते. त्यांनी मफलर सारखा केला आणि माझ्यापुढे हात जोडले. मी शेठला सांगितलं, उन्हाळ्यात असं होतं कधी कधी.

पुढे शेठना घशाचं दुखणं निघालं. नागपूरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं.

कित्येक महिन्यांनी ते ऑफिसात परत बसायला लागले. गळ्याला पांढरा रुमाल, अंग उतरलेलं. बोलणं खुणांनी. डबी अर्थातच त्यांचं ऐकणार नव्हती, म्हणून शेठच्या मुलानं मला बोलावलं, की आता माझ्या आवाजाची तिला ओळख करून द्या.

मी फोन काढून बसले होते. शेठना घाम आला होता. त्यांनी डबीकडे पाहिलं. ओठ हलले. काही आलं नाही. परत हलले. मुलानं मान वळवली.

पुंडलिकराव उठले. विचार करून उठले असं मला वाटलं नाही.

"चोवीस कर," ते म्हणाले. शेठच्या आवाजात. तोच भारदस्तपणा, तोच शेवटाला मारलेला हेल.

"ठीक आहे," डबी म्हणाली. एसी सुरू झाला.

 पुंडलिकरावांच्या लक्षात आलं आणि ते खाली पाहत उभे राहिले. शेठ त्यांच्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी बोटानं खूण केली, परत.

पुंडलिकराव हळू आवाजात, स्वतःच्या आवाजात म्हणाले, शेठ, चोवीस झालं आहे.

शेठनं मान हलवली. स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि परत तीच खूण केली.

पुंडलिकरावांनी मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला. "बावीस कर."

शेठनं डोळे मिटले. बोट परत हललं.

"वीस कर."

मुलानं मला फोन खाली ठेवायची खूण केली. मी ठेवला.  पुंडलिकरावांचे खांदे थडथड उडत होते. आवाज मात्र जरासुद्धा हलला नाही.

"अठरा कर," ते म्हणाले.