दोन आखूड, एक लांब

गल्लीत कोणी नवीन राहायला आलं की पहिल्याच संध्याकाळी त्याची फजिती ठरलेली. दिवेलागणीला तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून पोलिसी शिट्टी वाजे, दोन आखूड आणि एक लांब, आणि नवा माणूस हातातलं काम टाकून दाराबाहेर डोकावे. चोर शिरला की आग लागली? मग शेजारी हसून सांगत, "काही नाही हो, काकूंकडे पानं वाढलीत."

काकू म्हणजे शिट्टीवाल्या काकू. अंगाने पाप्याचं पितर, आवाजही तसाच बारीक. तीन जिने उतरून खाली पोचायचा नाही. पोलीस मुख्यालयाच्या कपड्यांच्या भांडारात त्यांची उमर गेली. नव्या भरतीच्या पोरांना गणवेश, पट्टे, टोप्या वाटायच्या. कोणी कुरकुरलं, "काकू, टोपी मोठी होतेय," की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "टोपी बदलून मिळणार नाही. डोकं वाढव." भांडारातल्या प्रत्येक वस्तूला तीनपैकी एक चिठ्ठी लागे: शिल्लक, बाद किंवा वापरात. निवृत्तीनंतर काकूंनी ही भाषा घरी आणली. रात्रीची उरलेली भाजी शिल्लक, कान तुटलेला कप बाद. दुपारी सुनेला भेटायला कोणी आलं आणि ती झोपली असली तर काकू दारातूनच सांगत, "सध्या बाद आहे. चहाच्या वेळेला वापरात येईल."

ही नोकरी त्यांना मिळाली ती यजमान गेले म्हणून. यजमान वाहतूक हवालदार होते. पुलाजवळच्या चौकात, जिथे टेकडीवरचा रस्ता उतरून येतो, तिथे मधोमध एक गोल चबुतरा होता आणि त्यावर पत्र्याची छत्री. हवालदारांची सारी हयात त्या छत्रीखाली गेली. उन्हाळ्यात पाणी, थंडीत चहा, न मागता हातात येई. कोपऱ्यावरचा वर्तमानपत्रवाला त्यांना 'चौकाचे जावई' म्हणत असे. "जावई नुसता बसून खातो," हवालदार म्हणत, "मी निदान उभ्याने खातो."

त्यांची शिट्टी पितळेची होती. वाजून वाजून तिच्या पोटातली गोटी झिजली आणि एक दिवस तुकडे होऊन पडली. नवी शिट्टी मागायची तर अर्ज करा, वाट बघा. हवालदारांनी स्वयंपाकघरातल्या बरणीतला एक सुका वाटाणा उचलला, फटीतून आत दाबून बसवला आणि फुंकून पाहिलं. आवाज आला तो सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा. काकू हसून हसून खाली बसल्या. पण हवालदार खूश. "आता हजार शिट्ट्यांत माझी ओळखू येईल," म्हणाले. आणि झालंही तसंच. साहेबांनी नवी शिट्टी देऊ केली तरी त्यांनी ती घेतली नाही.

काम संपवून घरी येताना ते गल्लीच्या तोंडाशी शिट्टी फुंकत: दोन आखूड, एक लांब. म्हणजे, ताटं घ्या. ज्याने शिट्टी ऐकली त्याने जेवायला यायचं, असा त्यांचा नियम होता. चौकातला त्यांचा जोडीदार हवालदार बरोबर असला तर हटकून म्हणे, "वहिनी, मी काही यायचं म्हणून आलो नाही. पण ऐकू आली, त्याला काय करू?"

"भावोजी, तुमचे कान फार तयार आहेत," काकू म्हणत आणि चौथं ताट घेत. दोघांचं आणि लहान मुलाचं मिळून तीन तर रोजचीच होती.

मग ती दुपार आली. वाळूने भरलेला एक ट्रक उतारावरून येताना त्याचे ब्रेक गेले. चौकात माणसं रस्ता ओलांडत होती. हवालदारांनी शिट्टी तोंडात धरली ती सोडलीच नाही. एक हात बाजारच्या बाजूला, एक हात पुलाच्या बाजूला, आणि ती घोगरी, लांबलचक शिट्टी. ती ओळखीची असल्यामुळे चौकातल्या माणसांनी मागेपुढे न बघता पाय उचलले. सगळी सुटली. चबुतऱ्यावरून उडी मारायला हवालदारांना वेळ होता, असं जोडीदार नंतर सांगत असे. पण एक म्हातारी अजून अर्ध्यात होती. तीही सुटली.

बंदुकांची सलामी झाली, साहेब लोक आले, काकूंच्या हातात घडी केलेला झेंडा आला. शिट्टी मात्र जोडीदाराने आणून दिली, एका पाकिटात, रुमालात गुंडाळून. ती देऊन तो जो गेला तो पुन्हा त्या घरी जेवायला आला नाही. मुख्यालयात भेटे, ख्यालीखुशाली विचारी, घरी ये म्हटलं की त्याला काम निघे.

घरात मुलाने जेवण टाकलं होतं. सहा-सात वर्षांचं पोर, संध्याकाळ झाली की खालच्या पायरीवर जाऊन बसे. काकू वरून हाका मारून थकत. आत्या झाली, मामा झाला, कोणाचं ऐकेना. एका संध्याकाळी काकूंनी पाकीट उघडलं. आपण काय करतोय याचा त्यांनी विचार केला नव्हता. गॅलरीत उभं राहून त्यांनी फुंकर मारली. दोन आखूड, एक लांब.

जिन्यावर पावलं धडधडली. दोन-दोन पायऱ्या गाळत पोरगा वर आला, दारात थबकला, आईच्या हातातली शिट्टी पाहिली. त्याचा चेहरा बघून काकूंना वाटलं, हात झडला असता तर बरं झालं असतं. हे काय केलं मी? कोणाला बोलावून कोणाला उभं केलं? पण पोरगा आत आला. हात धुतले, ताटावर बसला आणि जेवला. दुसऱ्या दिवशी खालून त्याचाच आवाज आला, "आई, आज शिट्टी नाही?"

तेव्हापासून ती वाजतच राहिली. मुलगा मोठा झाला, त्याने खालच्या गाळ्यात मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न झालं. सून आल्यावर तिला किल्ल्यांआधी शिट्टी मिळाली. वाटाणा झिजला की काकू नवा बसवत. बरणी तीच होती.

आणि मग मुख्यालयात स्मृतिदालन करायचं ठरलं.

कर्तव्यावर असताना गेलेल्यांच्या वस्तू मांडायच्या होत्या. त्यासाठी एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम काकूंकडे आल्या, आणि घर दाखवायला म्हणून बरोबर जोडीदार. आता तोही निवृत्त, हातात काठी. तीन जिने चढून तो खुर्चीच्या कडेवर बसला, उठायच्या तयारीत.

काकूंनी कपाटातून टोपी काढली, पट्टा काढला, पांढरे हातमोजे काढले. सगळं इस्त्रीचं, घडीचं. मॅडम हातमोज्यांवरून हलकेच बोट फिरवत म्हणाल्या, "काकू, आणि ती शिट्टी? खरं तर तिच्यासाठीच मधलं कपाट ठेवलंय."

"शिट्टी होय," काकू म्हणाल्या. "ती हरवली हो. मागेच."

"अरेरे. कशी?"

"घर बदलताना." ज्या घरात काकू नवरी म्हणून आल्या त्याच घरात बसून त्या हे बोलत होत्या. जोडीदाराने मान खाली घातली.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. सर्दी झालेला कोंबडा. दोन आखूड, एक लांब. सूनबाईंना आतल्या बोलण्याचा पत्ताच नव्हता. स्वयंपाक झाला, त्यांनी फुंकली. खालून मुलाने ओरडून सांगितलं, "आलो! हात धुतो!"

काकूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम काही विचारणार होत्या, पण त्यांचं लक्ष जोडीदाराकडे गेलं. म्हातारा उभा राहिला होता. काठी खाली पडली होती. "हा," तो म्हणाला, "हा त्याचा आवाज आहे."

आणि कोणाला काही कळायच्या आत तो जिना उतरायला लागला होता.

त्या रात्री माय-लेकांचं बिनसलं. मुलगा आवाज चढवणारा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

"आई, चौक राहिलाय का? चबुतरा गेला, छत्री गेली, वर उड्डाणपूल आला. तिथल्या एका माणसाला विचार, बाबा कोण होते. बाबांचं नाव लिहिलं जाईल अशी ही एकच जागा आहे."

"नाव लिहा ना. टोपी दिली, पट्टा दिला."

"टोपी सगळ्यांचीच असते. शिट्टी बाबांची आहे. माणसं वाचली ती तिच्यामुळे. आणि आपण ती वाजवतो कशासाठी, तर वरण गार होतंय म्हणून!"

"काचेत ठेवली तर वाटाण्याला किडा लागेल," काकू म्हणाल्या. "रोज वाजली की लागत नाही."

"आई, मी काय बोलतोय आणि तू काय बोलतेस."

काकूंना मात्र ते एकच वाटत होतं. पण पोराच्या म्हणण्यात खोट नव्हती. बापाची आठवण एका घरापुरती ठेवायचा आपल्याला काय हक्क? त्यांनी शिट्टी बारीक राखेने घासली, पितळ चकचकीत केलं, बरणीतला चांगला टपोरा वाटाणा निवडून बसवला आणि पाकिटात घातली. कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत गॅलरी मुकी राहिली. सूनबाई जिना उतरून नवऱ्याला जेवायला बोलवत आणि वर येऊन धापा टाकत.

दालन छान झालं होतं. भिंती पांढऱ्या, प्रत्येक कपाटात छोटा दिवा. मधल्या कपाटात टोपी, पट्टा, हातमोजे, आणि वर एक रिकामी पितळी खुंटी. मागच्या रांगेत जुने निवृत्त लोक बसले होते, त्यांत जोडीदारही. भाषणं झाली. सगळे स्तब्ध उभे राहिले, मग बसले. मॅडमनी काकूंना पुढे बोलावलं.

काकूंनी शिट्टी पाकिटातून काढली. खुंटीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला.

"मॅडम, आत जायच्या आधी एकदा वाजवू?"

"वाजवा ना, काकू."

दोन आखूड, एक लांब. बंद खोलीत ती घोगरी शिट्टी भिंतीभिंतीवर आपटली. मागच्या रांगेत कोणी नाक ओढलं, कोणी हसलं. काकूंचं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. तिथे सुनेच्या शेजारी बसलेला त्यांचा मुलगा, नखांत ग्रीस असलेला, कानावर पांढरे केस आलेला बाप्या, खुर्चीतून उठला होता. कोणी उठवलं नव्हतं. उठून दोन पावलं पुढे आला होता आणि तिथेच थांबला होता, दारात थबकला होता तसा.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खुंटीकडे पाहिलं, मग काचेच्या दाराला अडकवलेल्या उघड्या कुलपाकडे.

"आई," तो हळूच म्हणाला, "घरी ने."

मॅडमची पंचाईत झाली. "पण काकू, खुंटी रिकामी कशी ठेवू? वरचे साहेब विचारतील, वस्तू कुठे गेली. मी काय उत्तर देऊ?"

मग भांडारातल्या काकू जाग्या झाल्या. त्यांनी चष्मा सारखा केला. "एक चिठ्ठी द्या मला. आणि पेन."

मॅडमनी दिली. काकूंनी सुवाच्य, वळणदार अक्षरात लिहिलं आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने खुंटीला अडकवली. वाहतूक हवालदाराची पितळी शिट्टी. वापरात.

मॅडमनी ती वाचली. परत वाचली. मग त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि काकूंना कडक सॅल्यूट ठोकला.

बाहेर पायऱ्यांवर जोडीदार उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. निघायचं की थांबायचं ते त्याचं ठरत नव्हतं. काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय भावोजी, ऐकू आली का?"

"आली, वहिनी."

"मग? नियम विसरलात?"

म्हाताऱ्याने नाक पुसलं. "आज घरी काय आहे?"

"शिल्लक आहे कालचं," काकू म्हणाल्या. "चालेल का?"

"धावेल," तो म्हणाला. मुलाने गाडीचं दार उघडलं. काकूंनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि सुनेला सांगितलं, "एक ताट जास्त घ्यायचं."