शनिवारचा सालसा

नाच शिकायला जाणाऱ्या माणसाला ‘नाच किती आला?’ असं कधी विचारू नये. ‘किस्से किती जमले?’ असं विचारावं. दादरला आमचा सालसाचा क्लास आहे. दर शनिवारी संध्याकाळी, एका मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर. खाली कुणाचं तरी बारसं नाहीतर साखरपुडा चालू असतो आणि वर आम्ही घसरत असतो. माझा नाच अजून जेमतेमच आहे. पण क्लास सुटल्यावर समोरच्या हॉटेलात चहा पिता पिता किस्से मात्र इतके साठलेत, की म्हटलं, आता सांगूनच टाकू!

*

सुरुवात माझ्यापासूनच करते. मी मीनल, राहणार ठाकूरद्वार, नोकरी फोर्टात, इन्शुरन्समध्ये. लग्न केलं नाही. पन्नाशी जवळ आली तसे डॉक्टर म्हणाले, ‘‘रोज चाला.’’ मी म्हटलं, ‘‘एकटीने चालायचा कंटाळा येतो हो.’’ तर म्हणाले, ‘‘मग नाचा!’’ ते गमतीत म्हणाले, मी मनावर घेतलं.

ऑफिसात सांगितलं तर शेजारच्या टेबलावरची सुजाता म्हणाली, ‘‘सालसा? तो चिप्सबरोबर खातात तो ना? त्याचा क्लास कशाला? मी रेसिपी देते!’’

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना समोरासमोर उभं केलं आणि म्हणाले, ‘‘चला, पार्टनरचा हात धरा.’’ बस, एवढंच. आणि माझ्या लक्षात आलं, की कुणी आपला हात नीट धरून किती वर्षं झाली! बसचा कंडक्टर सुटे पैसे ठेवतो हातावर, तेवढाच काय तो स्पर्श. मी समोरचा हात धरून शेकहँडसारखा असा काही हलवत सुटले, की सर म्हणाले, ‘‘मॅडम, शोल्डर नाही हलवायचे अजून. ती नेक्स्ट मंथची स्टेप आहे!’’

*

सर म्हणजे मेल्विन सर. माहीमचे. आठवडाभर शिपिंग कंपनीत लोकांचे हिशेब बघतात आणि शनिवारी लोकांच्या कमरा. मराठी एकदम फर्स्ट क्लास, फक्त स्वतःची. ‘‘अरे बाबा, कंबर कुठाय तुझी? लॉकरमध्ये ठेवून आला काय?’’

त्यांचा सगळ्यात जास्त राग पायांकडे बघणाऱ्यांवर. आणि आमचे कोपरकर काका सदा पायांकडेच बघणार! काका परळचे. सत्तरी ओलांडलेली, बायको सुमन दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा परदेशात. गिरगावातल्या एका छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासली.

सर म्हणाले, ‘‘अंकल, खाली काय शोधताय? काय पडलंय का?’’

‘‘पडलं नाही हो. चाळीस वर्षं खाली मान घालूनच काम केलं. मानेला सवय नाही.’’

‘‘आता वर बघा. पार्टनरच्या डोळ्यांत.’’

पार्टनर मी होते. काकांनी कशीबशी मान वर केली आणि एकदम म्हणाले, ‘‘अहो बाई, तुमचे डोळे घारे आहेत!’’

सगळे हसले. किती शनिवार आम्ही एकत्र नाचत होतो! मीही हसले. काका मात्र हसले नाहीत. पाय थांबवून हळूच मला म्हणाले, ‘‘सुमनचे कसे होते, आठवत नाहीये.’’

पुढच्या शनिवारी मी विचारलं, ‘‘काका, फोटो बघितला का घरी जाऊन?’’

‘‘बघितला ना. आमच्या लग्नातला आहे, चांगला मोठा.’’

‘‘मग?’’

‘‘फोटोत ती खाली बघतेय.’’

*

नीलेश आणि प्राजक्ता लालबागचे. नुकतं लग्न झालेलं. आमच्या क्लासचा नियम असा, की प्रत्येक गाण्याला पार्टनर बदलायचा. सर टाळी वाजवतात, सगळे एक एक जागा पुढे सरकतात. हे दोघं जागचे हलेनात.

‘‘काय रे नीलेश? चेंज!’’

‘‘सर, आम्ही नाही बदलणार.’’

‘‘अरे बाबा, बायको कुठे पळून जात नाही तुझी. एकच पार्टनर धरून बसलास तर शिकणार कसा?’’

नीलेश कानापर्यंत लाल झाला. ‘‘सर, शिकायचं कुणाला आहे? घरी आईबाबा, दादा-वहिनी, त्यांचा मुलगा आणि आम्ही. खोल्या दोन. हात धरायला फक्त इथेच मिळतो हो!’’

सरांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांना म्हणाले, ‘‘ओके, यांना वळसा घालून चेंज करा!’’

पुढे वर्षभरात त्यांनी बदलापूरला घर घेतलं. शेवटच्या शनिवारी पेढे घेऊन आले. एवढ्या लांबून क्लासला येणं शक्यच नव्हतं. मध्यंतरी मी प्राजक्ताला फोन केला. म्हटलं, ‘‘काय गं, आता तर मजा असेल! हॉलमध्ये नाचता की नाही?’’

‘‘हॉल मस्त आहे ताई. एकदम मोकळा. पण हा लोकलचा प्रवास करून घरी आला ना, की सोफ्यावर बसल्या बसल्या झोपतो. आता धरायला जागा आहे, पण हातात जीवच नसतो त्याच्या!’’

*

हर्षदा आमच्यातली सगळ्यात भारी. वरळी कोळीवाड्याची, बँकेत नोकरी, आणि अंगात ताल असा, की खालच्या साखरपुड्यातला बँजो ऐकू आला तरी तिचे पाय त्याच्यावर सालसा करणार. तिची जोडी जमली अनिकेतशी. तो शांत मुलगा. बाकी सगळे गाणं लागलं की सरळ हात धरतात. हा आधी विचारायचा, ‘‘धरू?’’

हर्षदा एकदा चहा पिताना म्हणाली, ‘‘ताई, मला ना तो नाच नाही आवडत एवढा. ते ‘धरू?’ आवडतं.’’

जरा कुठे जमतंय तोवर अनिकेतची बदली झाली बंगळुरूला. मग दोघांनी शक्कल काढली. शनिवारी क्लास संपला की हर्षदा खिडकीच्या कठड्यावर फोन उभा करायची. तिकडे तो त्याच्या खोलीत, इकडे ही हॉलमध्ये. गाणं एकच, हात हवेत. पण नेटवर्कमुळे तो कायम एक ठेका मागे! ही वळून परत आली की तो वळायला लागायचा.

‘‘सर, काय करू? आमचं सगळं जुळतं, बीटच जुळत नाही!’’

सर म्हणाले, ‘‘बेटा, बीट बंगळुरूहून येते. तिला टाइम लागणार!’’

मग हर्षदाच एक ठेका थांबायला लागली. त्याचं पाऊल पडलं की मग हिचं. छान जमलं दोघांचं. गडबड झाली ती आमची! कारण आता ती काकांबरोबर नाचो, माझ्याबरोबर नाचो, एक ठेका थांबल्याशिवाय पाऊल उचलतच नाही. सर ओरडतात, ‘‘हर्षदा, लेट!’’ आणि ती म्हणते, ‘‘सॉरी सर. येतोय असं वाटलं.’’

*

एका शनिवारी सर म्हणाले, ‘‘क्लासमध्ये किती दिवस नाचणार? चला, उद्या क्लबला जाऊ.’’ लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात क्लब आहे, तिथे रविवारी संध्याकाळी सालसा असतो. मी, हर्षदा, सर आणि इस्त्रीचा शर्ट घालून कोपरकर काका.

दारावर बाउन्सर. ‘‘कपल ओन्ली.’’

सरांनी हर्षदाला पुढे केलं. गेले आत. उरलो मी आणि काका. बाउन्सरने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ‘‘ये कपल है?’’

काका म्हणाले, ‘‘आज के लिए है!’’

आत गेलो. लाल-निळे दिवे, स्पीकर छाती हादरवतायत, पोरं-पोरी गरागरा फिरतायत. काका मात्र एका लोखंडी खांबाला हात लावून उभे.

मी त्यांच्या कानात ओरडले, ‘‘काका, बरं नाही का वाटत?’’

ते माझ्या कानात ओरडले, ‘‘बाबा इथे होते माझे! विणाईखात्यात! मी डबा घेऊन यायचो, पण गेटवरच काढून घ्यायचे. आत कधी सोडलं नाही!’’

मी कान आणखी जवळ नेला. ते पुढे ओरडले, ‘‘घरी आल्यावर विचारायचो, बाबा, आत काय असतं? ते म्हणायचे, आवाज रे, नुसता आवाज!’’

आणि छताला टेकलेल्या त्या स्पीकरकडे बघून हसले. ‘‘खरंच सांगायचे की हो!’’

त्या संध्याकाळी काका एकदाही खाली न बघता नाचले.

*

आता हा शेवटचा. घरी आई आणि मी दोघीच असतो. आईला सत्त्याहत्तरावं. लग्नाआधी फोर्टात टायपिस्ट होती, लग्न झालं आणि नोकरी सुटली. मागच्या महिन्यात आमच्याकडे रंगाचं काम काढलं. वासाने तिला खोकला येतो, म्हणून त्या शनिवारी तिला टॅक्सीत घालून क्लासलाच घेऊन गेले. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मला वाटलं, पेंगेल थोड्या वेळाने.

शेवटी सरांनी एक संथ गाणं लावलं आणि सरळ तिच्यासमोर जाऊन वाकले. ‘‘आंटी, डान्स?’’

मी तिचे गुडघे दुखतात म्हणून सांगायला पुढे झाले. तर आईने पर्स माझ्या हातात दिली आणि उठली.

सर हात कसा ठेवायचा ते सांगणार, त्याच्या आत तिचा डावा हात त्यांच्या खांद्यावर गेला होता. उजवा त्यांच्या तळहातात. डोळे मिटलेले. पावलं लहान, जपून, पण एकही चुकत नव्हतं.  त्यांनी तिला हलकेच एकदा वळवलं. ती वळली आणि बरोबर जागेवर आली.

टाळ्या वाजल्या. हर्षदाने तर शिट्टी मारली!

सर म्हणाले, ‘‘आंटी, शिकलात कुठे?’’

‘‘शिकले कुठे? एके काळी नाचले होते.’’

‘‘मी बरोबर वळवलं ना?’’

‘‘बरोबर,’’ आई म्हणाली. ‘‘पण तो डावीकडे वळवायचा.’’

आणि माझ्या हातातून पर्स घेऊन खुर्चीत बसली, जशी आधी बसली होती तशी.

परतताना टॅक्सी ठाकूरद्वारला पोचत आली. शेवटी मला राहवेना.

‘‘आई, बाबांना डान्स येत होता? कधी बोलले नाहीत ते!’’

आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती हसली.

‘‘तुझ्या बाबांना कुठे नाचता येत होतं गं!’’