दवण्याचा अर्क आणि चातुर्मासातला लसूण

चोरीची फिर्याद लिहून घेताना मला हसू आलं, असं सगळ्या नोकरीत एकदाच झालं. आणि नेमकं तेच प्रकरण डोक्यातून जात नाही. म्हैसूरला जयलक्ष्मीपुरमच्या एका प्रयोगशाळेतल्या फ्रीजमधून दवण्याच्या अर्काच्या कुप्या गायब होत होत्या. देवाला वाहतात तोच दवणा! कुलूप शाबूत, महागडी यंत्रं जागच्या जागी.

फिर्यादी प्राध्यापिका मूळच्या पुण्याच्या. "काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी या अर्कानं मरतात," त्या म्हणाल्या.

"मग औषध सापडलं की!"

"नाही हो. बशीत जास्त मीठ घातलं तरी पेशी मरतात. माणसाच्या शरीरात काय होईल, ते कळायला अजून खूप काम आहे."

मला चौकशीचं व्यसनच. पंचनामा राहिला बाजूला, मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो. हवालदार दारात जांभया देत होता.

फ्रीजची चावी असणाऱ्या सगळ्यांचे जबाब घेतले, एकजात साळसूद. धागा मिळाला तो मंडी मोहल्ल्यातून. तिथल्या काष्ठौषधीच्या दुकानदाराने बीटवरच्या हवालदाराला खबर दिली, की एक तरुण सारखा येतो, घेत काहीच नाही, फक्त विचारतो, दवण्याचा अर्क अशक्त माणसाला किती पचेल. वर्णन प्रयोगशाळेतल्या एका संशोधक विद्यार्थ्याशी जुळलं.

कुवेंपुनगरला त्याच्या घरी गेलो. घर आमच्यासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिलेलं मराठी. तो बाहेर गेला होता. त्याच्या आईच्या डोक्याला रुमाल, चेहरा ओढलेला. पोलीस आहे, प्रयोगशाळेतल्या चोरीची चौकशी करतोय, एवढंच सांगितलं.

"बसा की साहेब. स्वल्प कॉफी घेता?"

त्या बोलल्या तसा लसणाचा भपकारा आला. मी गमतीने म्हटलं, "आज चटणी झणझणीत झालेली दिसते."

बाई चमकल्या. "अय्यो, चातुर्मास आहे साहेब! आषाढीपासून घरात कांदा-लसूण नाही. पण हौदु, मलापण तीच चव येते तोंडात. पोरगा म्हणतो, सुम्मने, उगाच भास होतो तुला."

लसूण नसलेल्या घरात लसणाचा वास! मला राहवेना. बाहेर येऊन प्राध्यापिकाबाईंना फोन लावला. लसणाच्या वासाचं सांगितलं.

"अर्क आम्ही ज्या द्रावकात विरघळवतो ना, ते पोटात गेलं की श्वासाला लसणासारखा वास येतो. साहेब, त्या अर्क पिताहेत! आधी थांबवा त्यांना."

बाईंना म्हटलं, पोरगा देतो ते आता घेऊ नका, आणि मुलाला ठाण्यात बोलावलं. दरडावलं नाही. समोर बसवून विचारलं, "आईची केमो चालू आहे का?"

तो ढसाढसा रडायला लागला. "दोनदा घेतली, तर पाणीही पोटात ठरेना. मग मीच बंद केली. सर, माझ्या डोळ्यांदेखत पेशी मरतात या अर्कानं. रोज बघतो मी. मग आईला द्यायचा नाही?"

मला भयंकर राग आला. उपचार अर्धवट सोडले नाहीत तर आई बरी होईल, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. आणि हा पठ्ठ्या बशीत पाहिलेलं आईच्या शरीरात शोधत होता. पण त्याच्याकडे बघून तो राग फार वेळ टिकला नाही.

प्राध्यापिकाबाईंना घेऊन पुन्हा त्या घरी गेलो, सगळं सांगितलं. आईने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"मला गोत्तु होतं, हे औषध नव्हे. नुसतं मळमळायचं. पण पाजताना पोराचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. नाही म्हणवेना."

पुढे संस्थेने न्यायालयाच्या परवानगीने गुन्हा मिटवला. मुलाचं संशोधन मात्र सुटलं.

ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी मायलेकांना इस्पितळात मीच घेऊन गेलो. डॉक्टर संतापले होते. "इतके दिवस उपचार कोणी थांबवले?" मुलगा मान वर करून बोलणार, तेवढ्यात आईने त्याचा हात दाबला.

"मीच. भ्याले मी सुईला."

खोटं बोलणारी माणसं मी जन्मभर पाहिली, बहुतेक सगळी स्वतःला वाचवणारी. खोटं ऐकल्यावर, हे कोणासाठी, असं आधी विचारावं, ही अक्कल मला त्या बाईंनी दिली. डॉक्टरांनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, भ्याल्या होत्या."