आकडा सांगणार नाही

सलाईनमधून केमोआधीचं एव्हिल सोडलं की पाच मिनिटांत माझी जीभ जड होते. मग पापण्या. दुपारचे बारा वाजलेत. डे-केअरच्या हॉलमध्ये आम्ही सहाजणी खुर्च्या मागे टाकून पडलोय. कुणाच्या तरी मोबाइलवर मालिका चालू आहे. जास्मिन सिस्टर कानाशी येऊन म्हणते, "काकू, आकडा खूप उतरलाय हं. औषध लागू पडतंय." मी हो म्हणते. आवाज बाहेर आला की नाही, कळत नाही.

डोळे उघडते तर शेजारच्या स्टुलावर हे बसलेत.

हे म्हणजे माझे यजमान, गुरुपाद. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मार्गशीर्षात झोपेतच हृदय बंद पडून गेले. अंगावर तोच खाकी शर्ट आहे.

"बरं वाटतंय का गं, नंदा?"

मी सलाईनच्या थेंबांकडे बघते.

"आकडा आला ना? रक्ताचा?"

कुठला आकडा, ते त्यांना बरोबर ठाऊक आहे. छातीच्या ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी माझं रक्त तपासायचं ठरलं होतं. सीए पंधरा-तीन, कॅन्सरची खूण. तीसच्या आत असला की बरं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "एका आकड्यावरून काही ठरत नाही. पण चढत गेला तर लगेच या, स्कॅन करू." रिपोर्ट ह्यांच्या मोबाइलवर यायचा. हे म्हणायचे, "नॉर्मल आहे," आणि पिशवीतून केळी काढून ठेवायचे.

ते गेल्यावर फ्रेमसाठी फोटो हवा म्हणून मी त्यांचा मोबाइल उघडला. शोधता शोधता दोन रिपोर्ट सापडले. अठ्ठेचाळीस. मग शहाण्णव. पहिल्याला पाच महिने झाले होते. तोवर दुखणं माझ्या मणक्यात उतरलं होतं.

घरी बायका बसायला येत होत्या. "किती जपायचे हो तुम्हाला," म्हणत होत्या. मी मान हलवत होते. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कुठे?

मी उठते. सलाईनची नळी उजव्या हाताला तशीच आहे, पण पायाखाली स्टँडची तेलकट फरशी आहे, डिझेलचा वास आहे. मी चौकशीच्या खिडकीत आत बसलेय, ह्यांच्या खुर्चीत. हे बाहेर. रांगेत दुसरं कुणी नाही, तरी रांगेतच उभे आहेत.

"का लपवलंत?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरले असते. माझी मी घाबरले असते."

"तोंडातून निघेना गं. रोज ठरवायचो, जेवण झाल्यावर सांगू."

"तीस वर्षं अनोळखी माणसांना सांगत आलात, अक्कलकोटची गाडी किती उशिरा, कुठल्या फलाटावर. मला तेवढंही नाही?"

ते खाली बघतात. "लवकर कळलं असतं, तर..."

"फरक पडला असता की नसता, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण ते पाच महिने माझे होते. तुमच्या पुतण्याच्या बारशाला मी राबले. पाठ दुखते म्हणाले, तर तुम्ही बाम चोळून दिलात. माहीत असून चोळलात."

ते रडायला लागतात. जिवंतपणी रडले असते तर मी जवळ घेतलं असतं. आता नुसती बघत बसते. मला बरं वाटतंय. खोटं कशाला सांगू?

"आकडा तेवढा सांग, नंदा. कळला की मी जातो. तिकडे मला काही सुधरत नाही."

आकडा मला पाठ आहे. दोनशे दहावरून छप्पन्नवर आलाय. एवढं बोलले की हा माणूस सुटेल.

"चढला का?"

मी समोरच्या वहीची पानं उलटते.

"उतरला?"

"नॉर्मल आहे," मी म्हणते. अगदी त्यांच्या सुरात.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो. ह्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! खिडकीच्या अर्धगोल भोकातून त्यांचा हात आत येतो आणि माझं डावं मनगट आवळतो. "नंदा, पाया पडतो. खरं सांग."

"रांगेत थांब," मी म्हणते. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना अरेतुरे करते. मग मोकळ्या हाताने खिडकीची फळी खाली ओढते.

"काकू, ओ काकू, संपली बाटली."

हॉल. मालिका अजून चालूच आहे. स्टूल रिकामं आहे. सिस्टर सुई काढते, कापूस दाबते आणि एकदम थबकते.

"हे काय? डाव्या हाताला काय झालं?"

मनगटावर चार बोटांचे लालभडक वळ उठलेत. आतल्या बाजूला अंगठ्याचा एक.

"ऑपरेशनच्या बाजूचा हात आहे, काकू. जपायला हवा ना. कुणी धरला एवढा? मलम लावू?"

"नको," मी म्हणते. "राहू दे."

समोरच्या पाचहीजणी बघताहेत. मी बाही आणखी वर सरकवते आणि हात उशीवर ठेवते, सगळ्यांना दिसेल असा.