मुंगीच्या कोपरावरची चकाकी

माझा थोरला भाऊ फर्निचरला पॉलिश करतो आणि मी त्याच्याच दुकानात मागच्या बाजूला बसून खुर्च्यांच्या बैठका वेताने विणते. एका छपराखाली दोघांचे केस पिकले, तरी त्याचा हात चालू झाला की माझा अजूनही थांबतो. कापडात कापूस गुंडाळून तो बोळा करतो, लाखेच्या पॉलिशमध्ये जेमतेम ओला करतो आणि मेजावरून असा फिरवतो की लाकडाला लागला की नाही हेही कळू नये. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, पुन्हा दुसरा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणतो, "अहो, चमक मागून मिळत नाही, तिची वाट बघावी लागते." आणि मग एखाद्या संध्याकाळी त्या मढ्यासारख्या पडलेल्या फळीत अख्खी खिडकी दिसायला लागते. मी एरवी त्याच्यावर दिवसभर खेकसत असते, पण तेव्हा माझी बोलती बंद होते.

दादाची नात दिवसभर आमच्याकडे असते. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही आणि गोड कुठे ठेवलंय ते तिला न सांगता कळतं. बाप लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आई, म्हणजे आमची सूनबाई, बस डेपोत तिकीट खिडकीवर. पोरीला तान्ही असल्यापासून इसब. कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांमागे कातडी लाल व्हायची, खडबडीत व्हायची आणि अशी खाजायची की ती झोपेतही ओरबाडत राही. दादाला तिचं रडणं बघवत नसे. या माणसाने बायको गेली तेव्हाही चारचौघांत डोळ्याला पदर, आपलं रुमाल लावला नव्हता, पण मुंगी खाजवायला लागली की ह्याचा चेहरा पडलाच.

दादाच्या स्वतःच्या हातांना स्पिरिटमुळे भेगा पडायच्या, खाज सुटायची. त्यासाठी डॉक्टरांनी त्याला एक मलम दिलं होतं. एका दुपारी पोर फारच कळवळली, तेव्हा त्याने तेच मलम तिच्या कोपरांना लावलं. आणि काय सांगू! बघता बघता लाली ओसरली, खाज थांबली, पोर माझ्या वेताच्या भेंडोळ्यावर गाढ झोपली. आम्ही दोघं तिच्याकडे खुळ्यासारखे बघत बसलो. एवढ्याशा ट्यूबमध्ये एवढी ताकद!

इथवर आला तो आजोबा होता. पुढे त्याच्यातला पॉलिशवाला जागा झाला. मलम जिरलं की दुसरा हात, तो जिरला की तिसरा. लाली केव्हाच गेली होती, पण दादाचा हात लाली गेली म्हणून कुठे थांबतो? तो चमक येईपर्यंत चालतो. तसा तो महिनोन्महिने चालला आणि चमक आलीसुद्धा. एक दिवस मुंगीला खिडकीपाशी उभी करून त्याने मला हाक मारली. "बघ, काय उतरलंय!" पोरीच्या कोपरातली कातडी मेजासारखी चकाकत होती. दादाची छाती अशी फुगली होती म्हणता!

सूनबाईने त्याच आठवड्यात पोरीला अंघोळ घालताना टॉवेलने हात जरा दाबून पुसला, तर जागच्या जागी निळा डाग उमटला. तिने कोपर उजेडात धरलं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि खालच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसत होत्या. आमच्याकडून दादाची ट्यूब उचलून ती तडक औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "हे स्टेरॉइड आहे, तेही चांगलं कडक. लहान पोराला कुणी लावलं?" झालं! ती परतली ती वादळ होऊनच.

"माझ्या पोरीची कातडी सोलून काढलीत तुम्ही!" ती दादाला म्हणाली. "उद्यापासून ती इथे येणार नाही."

दादा बोळा हातात धरून उभाच राहिला. मीच काहीतरी बोलायला गेले, तर सूनबाईने मलाही झाडलं. ट्यूब कचऱ्यात गेली. मुंगी शेजारणीकडे गेली. दुकानात इतकी शांतता झाली की मला माझ्या वेताची करकर नकोशी झाली. दादा दर थोड्या वेळाने दाराकडे बघायचा आणि मी बघितलं की स्पिरिटची बाटली उगाच हलवायचा.

मलम असं तटकन बंद केल्यावर इसब पुन्हा उसळलं, पहिल्यापेक्षा जास्त. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग पडायला लागले. सूनबाई धसक्याने काहीही लावू देईना. शेवटी शेजारणीनेच हात टेकले, तेव्हा ती पोरीला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोबत मला नेलं. दादाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो मागोमाग आला आणि तपासणीच्या खोलीत दारालगत उभा राहिला. सूनबाईने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंकडे एक भिंग होतं, त्यातून दिसेल ते पडद्यावर मोठं होऊन दिसायचं. त्यांनी ते मुंगीच्या कोपराच्या कडेला, निरोगी कातडीवर ठेवलं. पडद्यावर बारीक रेषांची जाळी उमटली, एकीतून दुसरी निघालेली, कुठे तुटक नाही, कुठे घाई नाही. आयुष्यभर लाकडाचे रेषे वाचलेला माझा भाऊ नकळत दोन पावलं पुढे आला. मग त्यांनी भिंग आत सरकवलं. तिथे जाळी जवळपास पुसली गेली होती आणि तिच्याखालून लाल केशवाहिन्या उघड्या दिसत होत्या.

"चकाकी दिसते ना, ती कातडी पातळ झाल्याची खूण आहे," बाई म्हणाल्या.

"मी तर ती आणत होतो," दादा म्हणाला.

"आता स्टेरॉइड नकोच," सूनबाई म्हणाली.

"औषधाला कशाला शिव्या? राठ हातांसाठी दिलेलं कडक औषध पोरीच्या नाजूक जागी लागलं आणि त्याचं काम संपल्यावरही लागत राहिलं. आणि आता नुसतं घाबरून तिला खाजवत ठेवलंत, तर तेही वाईटच." त्यांनी एक सौम्य, पण स्टेरॉइडचंच मलम घेतलं आणि सूनबाईच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत त्याची रेघ काढली. "एवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. हिच्या कोपरांना याहून बरंच कमी. दिवसातून एकदा, जिथे लाल आणि खाजरं आहे तिथेच. लाली गेली, खाज गेली, बोटाला मऊ लागलं की थांबायचं. चेहऱ्याला मला विचारल्याशिवाय नाही. आणि हे दुसरं साधं, ओलावा धरणारं मलम, हे मात्र रोज, सढळ हाताने, इसब नसेल तेव्हाही."

"आणि ती... पातळ झालेली जागा?" दादाने विचारलं.

"लहान आहे, वेळेत आलात. बरीचशी भरून येईल."

"कोण भरणार?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "तीच भरेल. कातडी स्वतःच."

दुकानात आल्यावर दादा मला म्हणाला, "अगं, लाकडाला ओरखडा पडला तर लांबीचा लगदा भरा, घासा, रंग जुळवा, तरी जाणत्याला तो दिसतोच. आणि ती बाई म्हणते, आपोआप!" त्याच्या अंगावर काटा आलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

शेजारीण पुन्हा तयार होईना, म्हणून मुंगी परत आली, पण अटीवर. सूनबाई मला म्हणाली, "आत्याबाई, औषध मीच लावीन. साधं मलम तुम्ही लावा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." दुसरं कुणी म्हणजे कोण ते सांगायला नको. दादाशी ती बोलतच नव्हती. मधे एकदा लाली उठली, तेव्हा तिने घाबरून न जाता मोजकं मलम लावलं आणि लाली विरल्याबरोबर बंद केलं. मला तिचंही कौतुक वाटलं, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलं.

दादा रोज सकाळी मुंगीला खिडकीपाशी उभी करायचा, स्वतःचे हात पाठीमागे बांधायचा आणि वाकून बघायचा. "कमी होतेय गं चमक," मला कुजबुजून सांगायचा. चमक गेली म्हणून हरखलेला पॉलिशवाला जगात हा एकच असेल. हळूहळू शिरा झाकल्या गेल्या. जागा मंद, धुरकट, अगदी साधी दिसायला लागली, चारचौघांच्या कातडीसारखी.

मग एक दिवस माझ्या वेताचं टोक नेमकं त्याच कोपरात घुसलं. मुंगीने भोकाड पसरलं, बारीक लाल रेघ उमटली. दादाचं तोंड पांढरंफटक पडलं. कातडी फाटत गेली तर? मी धुतलं, दाबून धरलं. रक्त थांबलं, रेघ रेघच राहिली. पुढे खपली धरली. दादा तिच्याजवळ श्वाससुद्धा जपून घ्यायचा. खपली आपसूक गळाली, पुढे तिची गुलाबी खूणही विरली, त्या संध्याकाळी सूनबाई पोरीला न्यायला आली, तेव्हा तो खिडकीत पोरीचा दंड धरून उभा होता.

"काय लावताय तिला?" ती दारातूनच ओरडली.

दादाने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"काहीच नाही गं. नुसतं बघतोय. इथे ओरखडा होता, आता सापडतच नाही. मी काही केलं नाही. कुणीच काही केलं नाही."

सूनबाई खांद्यावरच्या पिशवीसकट आत आली. त्याच्या शेजारी वाकून तिने कोपराकडे बराच वेळ पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "जरा तिकडून धरा तिचा हात. मला नीट दिसत नाहीये."